चांगुणामायनं नाकारलेलं रेडकू

आमच्या गावात म्हैस व्याली की डॉक्टरच्या आधी चांगुणामायला बोलावणं जातं. वार पडली का, म्हैस बरी आहे का, ते घरचेच पाहतात. चांगुणामाय येते ती पिल्लू पाहायला. वगार झाली असेल तर तिचं काम दोन मिनिटांचं. रेडकू असेल, म्हणजे नर, तर ती त्याला धरून उभं करायला लावते, पदरानं त्याचं ओलं तोंड पुसते, कपाळावर, डोळ्यांखाली, खांद्यावर केसांचे भोवरे शोधते, शेपटीचं हाड चिमटीत धरून पाहते आणि सांगते, "ठेवा." नाहीतर म्हणते, "राहू द्या."

"राहू द्या" म्हणजे काय, हे इथं जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी देऊळगाव राजाकडची, लग्न होऊन इकडं संग्रामपूर तालुक्यात आले, म्हणून मला विचारावं लागलं. सासूबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं, "मंग त्याले पोटभर दूध नाई पाजत. आपोआप जाते."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. घास हातात तसाच राहिला. पण खोटं कशाला लिहू, दोन वर्षांत मलाही सवय झाली. रेड्याचा शेतात उपयोग नाही, तो दूध देत नाही, आणि त्याच्या वाट्याचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं. त्याच्यावर कोणी हात उचलत नाही, म्हणून त्याचं पाप कोणाला लागत नाही, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

चांगुणामाय गवळ्याची लेक. आता साठीच्या पुढं आहे. चौदाव्या वर्षी या गावात आली तेव्हा बापानं आंदण म्हणून भुऱ्या रंगाची एक वगार बरोबर दिली होती. पूर्णेच्या काठची ही भुरी म्हैस, पूर्णाथडी म्हणतात तिला. विहिरीचं खारट पाणी पिते, तुरीचं कुटार खाते आणि तरी दोन्ही वेळ दूध देते. चांगुणामायचा नवरा लवकर गेला. दोन मुलींची लग्नं तिनं म्हशींवर केली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गावातली कोणतीही म्हैस दाखवा, ती तिची आई, आजी, पणजी सांगणार, आणि पणजीला शिंग कोणत्या बाजूला वळलेलं होतं तेही. चाळीस वर्षं गावातला कोणता हल्या मोठा होऊन म्हशींवर जाईल आणि कोणता नाही, हे तिच्याच शब्दावर ठरत आलं.

लोक तिची थट्टाही करत. आमच्या शेजारचे एक भाऊजी एकदा म्हणाले, "माय, माह्या होनाऱ्या जावयाचेही भोवरे पाहून दे ना."

"जावई तेल थापून येते बापा," ती म्हणाली. "भोवरा दिसत नाई. तुह्या वक्तालेही असंच झालं होतं."

२०२३च्या पावसाळ्यात विद्यापीठाचे लोक गावात आले. मी गावची पशुसखी. जनावरांना जंताचं औषध पाजणं, लसीच्या वेळी डॉक्टरांबरोबर फिरणं ही माझी कामं. त्यामुळं त्यांच्या गार्गी मॅडमनी मलाच हाताशी धरलं. पूर्णाथडीच्या नर पिल्लांत कोणतं पिल्लू कमी खाऊन जास्त वाढतं, आणि ते वाढणं आईबापाकडून किती येतं, हे त्यांना शोधायचं होतं. रेडकू तीन दिवसांचं झालं की कानात पिवळा बिल्ला मारायचा, मारताना कातडीचा जो बारीक तुकडा निघतो तो नळीत घालून पाठवायचा, आणि दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर मोजून वजन आणि पाजलेलं दूध लिहायचं. चार तालुक्यांतून चौऱ्याण्णव रेडकं. माझ्या वाट्याला सव्वीस.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, वाढवून पुढं करायचं काय त्यांचं?"

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "जे उत्तम असतील ते वळू होतील. बाकीचे दोन-अडीच वर्षांचे झाले की मांसाला जातील. गाय-बैलांचा कायदा म्हशीला नाही. पण ताई, तो वाढतोय असं दिसलं तर निदान त्याला जगवावंसं वाटेल माणसाला."

मी घरी येऊन बालाजीपुढं दिवा लावला आणि विचारलं, हे काम धरू का सोडू. देव काही बोलला नाही. सकाळी मी टेप घेऊन निघाले.

चांगुणामायला सगळी गंमतच वाटली. "कानाचा तुकडा डबीत घालून नेतात, अन् तिकडे बसून त्याचं वजन सांगतात? माह्या कानाचा ने मंग. मी किती भाकरी खाईन ते सांग म्हना."

पोळ्यानंतर चार दिवसांनी गुलाम रसूल यांची भुरी म्हैस व्याली. रसूलभाऊ आणि कौसरभाभी आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. तीन म्हशी आहेत, त्यात भुरी सगळ्यांत दुधाळ. रेडकू झालं. त्याचा बाप चांगुणामायचाच हल्या, गावात ठेवलेला तो एकच. चांगुणामाय आली, रेडकू उभं केलं आणि त्याच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवून थांबली. तिथं केसांचा भोवरा होता, खाली ओढल्यासारखा, डोळ्यातून पाणी ओघळावं तसा.

"आसूढाळ हाये," ती म्हणाली. "घरात रडनं आनते. राहू द्या."

कौसरभाभींची मोठी मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. भाभींनी पुढं एक शब्द विचारला नाही.

मी तिसऱ्या दिवशी बिल्ला मारला. त्या दिवशी अठ्ठावीस किलो. पंधराव्या दिवशी तेहतीस. तिसाव्या दिवशी सदतीस. अठ्ठावन्नाव्या दिवशी ते मेलं. मी वहीत "मृत" लिहिलं आणि पान उलटलं. माझ्या सव्वीसांपैकी त्या वर्षी अकरांपुढं हाच शब्द आहे, माझ्याच अक्षरात.

त्यानंतर सव्वा वर्षानं, संक्रांतीच्या तोंडावर, मी तीळ भाजत असताना गार्गी मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"प्रतिमाताई, शेवटचे आकडे चार-एक-सात, हा कोणाकडचा? कातडीच्या तपासणीचा निकाल आलाय. चौऱ्याण्णवात हा पहिला आहे. आणि पहिला म्हणजे, दुसरा त्याच्या जवळपासही नाही. आम्ही दोनदा तपासलं. परवा त्याला पाहायला येतोय."

मी वही काढली. आकड्यावर बोट ठेवलं आणि ओळीत पुढं सरकवत नेलं. शेवटच्या रकान्यात बोट थांबलं. तव्यातले तीळ करपले तरी मला कळलं नाही.

"मॅडम, तो तर केव्हाच गेला."

"गेला म्हणजे विकला?"

"मेला."

"कशानं?"

एरवी मी म्हटलं असतं, हगवणीनं. तोंडाशी आलंही होतं. पण देवघर समोरच होतं. "त्याला दूध पाजलं नाही," मी म्हटलं.

 मग मॅडमनी हळूच विचारलं, "आई आहे का त्याची?"

"आहे. पाच दिवसांपूर्वी पुन्हा व्याली. रेडकूच झालं. बाप तोच."

"म्हणजे सख्खा भाऊ. ताई, फोन ठेवा आणि आधी तिकडं जा."

मी उठले आणि तशीच उभी राहिले. कारण पाच दिवसांपूर्वी मी तिथंच होते. चांगुणामायनं याही रेडकाच्या डोळ्याखाली बोट ठेवलं होतं, त्याच डाव्या, आणि तेच म्हणाली होती. त्याच संध्याकाळी कौसरभाभींनी भुरीच्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटला. माझ्याकडं वाटीभर आला. पिल्लाच्या पोटात जायचं ते पहिलं दूध. मी त्यात वेलदोडा घातला, बालाजीला नैवेद्य दाखवला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

अनवाणीच गेले मी. अंगणात कौसरभाभी भुरीची धार काढत होत्या. म्हशीपुढं कातड्याचं रेडकू उभं होतं. पिल्लू मेलं की त्याचं कातडं काढून आत पेंढा भरतात, चार काठ्यांचे पाय लावतात, वरून मीठ चोळतात. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. आमच्याकडं हे कोणत्याही अंगणात दिसतं, मी शंभरदा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र त्या कातड्याच्या कानात पिवळं काहीतरी दिसलं. मी वाकले. मागच्या वेताचंच कातडं पुन्हा उभं केलेलं, बिल्ला काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. शेवटचे आकडे चार-एक-सात.

विद्यापीठ ज्याला शोधत होतं तो इथं होता, पोटात पेंढा घेऊन.

आणि घराच्या मागून बारीक आवाज येत होता. खरं रेडकू तिकडं बांधलेलं होतं. म्हशीचे कान मागं वळलेले होते, आणि जीभ कातडं चाटत होती.

"काऊन वं प्रतिमाताई?" कौसरभाभी म्हणाल्या. "चेहरा पांढरा पडला तुमचा. चक्कर येऊन राह्यली काय?"

मी सांगितलं. जसं सुचलं तसं, मागचं पुढं करून. रसूलभाऊ दारातून ऐकत होते. ते बाहेर येऊन कातड्याजवळ उकिडवे बसले.

"एक नंबर?" त्यांनी विचारलं.

"चौऱ्याण्णवात."

"हा?" त्यांनी पेंढ्याला बोट लावलं. मग माझ्याकडं पाहिलं. "याले कसायाले देलं असतं तं अर्धं गाव माह्या दारात आलं असतं. उपाशी मारलं तं कोनी विचारलं नाई. तुम्हीबी नाई विचारलं, ताई. तुम्ही तं टेप लावून जात होत्या."

ते खरं होतं. 

कौसरभाभी धावत मागं गेल्या आणि रेडकू उचलून घेऊन आल्या. डोळे खोल गेलेले, शेपूट घाणीनं भरलेलं, मान धरवत नव्हती. त्याला म्हशीपाशी नेलं तर भुरीनं हुंगलं आणि लाथ मारली. पुन्हा नेलं, पुन्हा मारली. पाच दिवसांत तिनं पेंढ्यालाच आपलं मानलं होतं.

"चांगुणामायले बोलाव," रसूलभाऊ म्हणाले.

"तिनंच तं..." भाभी बोलायला गेल्या.

"तिच्याशिवाय कोनाले येते हे?"

चांगुणामाय काठी टेकत आली. तिला सगळं ऐकवलं. तिनं रेडकाकडं पाहिलं आणि म्हणाली, "भोवरा पुसला गेला काय त्याचा? नाई ना? मंग म्या कायले बदलू?"

"मॅडम म्हणतात, याचा भाऊ सगळ्यांत..."

"मॅडमनं पाह्यलं होतं त्याले? एक डाव तरी?" ती तशीच परत गेली. रसूलभाऊंनी रात्रभर बाटलीनं दूध पाजलं. निम्मं पोटात गेलं, निम्मं बाहेर.

परवा येणाऱ्या गार्गी मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं. मी चांगुणामायला जवळजवळ ओढतच आणलं. ती ओट्यावर बसली, काठी मांडीवर आडवी धरून.

"कागदाले कसं कळलं?" तिनं मॅडमना विचारलं. "त्यानं तं रेडकू पाह्यलंच नाई."

मॅडम तिच्यासमोर खालीच बसल्या. "माय, तुम्ही वरचे केस पाहिले. आम्ही कातडीच्या आत पाहिलं. आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, ते आत असतं. जी रेडकं भराभर वाढली त्यांच्या आत काय सारखं आहे ते शोधलं. याच्यात ते सगळ्यांत जास्त निघालं."

"अन् कागद चुकला असंन तं?"

"असेल. कागद चुकतो कधी कधी. पण हे पाहा." मॅडमनी माझी वही उघडली. "पहिले पंधरा दिवस याला एकाच सडाचं दूध मिळालं. पाच किलो वाढला. पुढचे पंधरा दिवस तेही नीट नाही. तरी चार किलो वाढला. माय, पोटात काही नसताना हा वाढत होता."

चांगुणामायची काठी मांडीवरून घरंगळली. ती उचलायला कोणी वाकलं नाही. ती माझ्याकडं पाहत होती, पण मी दिसत होते की नाही कोण जाणे.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच म्या म्हनलं, मरायले इतके दिस काऊन लावून राह्यला. बाकीचे वीस-बावीस दिसांत जातात. हा दोन महिने... मले वाटे, भोवऱ्याचा जोर हाये." तिनं तोंडावर पदर घेतला आणि लगेच काढला. "रामकोरच्या बांडीचा एक असाच होता. महिना काढला होता त्यानंही. पाटलाच्या मोरीचे दोन. सोनाराच्या चंद्रीचा, आखाजीच्या वक्ताचा. माह्या सोताच्या भुरीचा पयला..."

ती सांगत गेली. मॅडमनी आधी पेन उघडलं होतं, मग ते बंद करून ठेवलं. चाळीस वर्षांतलं एक-एक रेडकू ती आईच्या नावानं सांगत होती. रेडकाचं नाव एकाचंही नव्हतं. मरणाऱ्याला कोण नाव ठेवतं? कौसरभाभी मधेच उठून आत गेल्या, त्यांना ऐकवेना. 

घरामागं बांधलेल्या रेडकाचा आवाज बंद झाला तेव्हा ती थांबली.

"आन त्याले," ती म्हणाली. "अन् सुरी आन."

सुरी म्हटल्यावर आम्ही सगळे दचकलो. तिनं ती कातड्याच्या रेडकाच्या पोटाला लावली. शिवण उसवली, पेंढा झटकून काढला, काठ्या ओढून फेकल्या. मेलेल्या भावाचं ते वाळकं कातडं तिनं पाण्याचा हात मारून मऊ केलं, जिवंत रेडकाच्या पाठीवर टाकलं आणि पोटाखालून दोरीनं बांधलं. बिल्ला असलेला कान त्याच्या मानेवर लोंबत होता. मग ती त्याला दोन्ही हातांत धरून भुरीपाशी घेऊन गेली.

भुरीनं हुंगलं.  तिनं कातड्यावरचं मीठ चाटलं, पुन्हा चाटलं, आणि जीभ हळूहळू खाली, रेडकाच्या खऱ्या अंगावर आली. लाथ मारली नाही. चांगुणामायनं सड त्याच्या तोंडात दिला. त्याला ओढता येईना. तिनं स्वतःच पिळून धार तोंडात सोडली.

"बिस्मिल्ला," रसूलभाऊ पुटपुटले. माझ्या तोंडात गोविंदाचं नाव होतं.

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, चीक पहिल्याच दिवशी लागतो. आता कितीही पाजलं तरी ती उणीव भरून निघत नाही. आशा धरा, पण फार नको." जाण्यापूर्वी त्यांनी याच्याही कानाचा तुकडा घेतला.

पुढचे बारा दिवस हगवण थांबली नाही. चांगुणामाय सकाळी उजाडताच रसूलभाऊंच्या अंगणात यायची आणि दिवेलागणीला जायची. मी सलाईनसाठी डॉक्टरांना तीनदा आणलं. नवव्या दिवशी रेडकू पाय ताणून पडलं, तेव्हा कौसरभाभींनी त्याच्यावर पोतं टाकलं. चांगुणामायनं पोतं काढलं. "अजून गरम हाये," एवढंच म्हणाली. तेराव्या दिवशी ते आपलं आपण उभं राहिलं. मग कातडं सोडलं आणि रसूलभाऊंनी ते नाल्याकाठी पुरलं.

रेडकू जगलं. पाहायला शेजारच्या गावांतून लोक आले. एक नंबरचा भाऊ म्हणून त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं. चांगुणामाय त्या दिवसांत कोणाकडं रेडकू पाहायला गेली नाही; बोलावणं आलं की म्हणायची, माझे डोळे दुखतात. तिचं सगळं चित्त त्या एकाच अहवालात होतं. मला रोज विचारायची, "आला काय कागद?" तिला वाटत होतं, हा भावासारखाच निघाला तर काहीतरी थोडं भरून निघेल. ती तसं बोलली नाही. पण मलाही तेच वाटत होतं, म्हणून मला कळत होतं.

यंदा गणपती उठल्यावर मॅडमचा फोन आला. मी तो सगळ्यांसमोर मोठ्या आवाजावर लावला.

"प्रतिमाताई, हा साधारण निघालाय. चौऱ्याण्णवांच्या यादीत बसवला तर अठ्ठावन्नावा."

चांगुणामाय फोनच्या अगदी जवळ गेली. "बाई, दोघं एका पोटचे. बाप एक. भोवराही तोच, त्याच जागी."

"सख्ख्या भावंडांच्या वाट्याला सारखं येत नाही, माय. आईबाप तेच असले तरी वाटणी दर वेळी वेगळी पडते."

"म्हनजे तसा पुन्हा..."

"तसाच पुन्हा होईल असं नाही सांगता येत."

"अन् माह्या शब्दानं जे गेले, त्याइच्यात तसे किती होते?"

"ते आता कोणालाच कळणार नाही."

फोन बंद झाला.   इतकं जीव तोडून वाचवलेलं जनावर साधं निघालं, याचं मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून माझीच मला भीती वाटली.

रसूलभाऊ गळ्यातला रुमाल काढून पुन्हा घालत होते. शेवटी म्हणाले, "माय, मी लपवून ठेवत नाई. आता याले वळू म्हनून कोनी नेनार नाई. दोन वर्साचा झाला की विकीन. कुठं जाईन, ते तुले ठाऊक हाये."

मला वाटलं, ती चिडेल. रडेल. माझ्या तोंडून तर "नको" निघतच होतं.

चांगुणामायनं हल्याकडं पाहिलं. आठ महिन्यांचा, ना फार उंच ना बुटका, डाव्या डोळ्याखाली तो ओघळ. तो तिच्या पदराचं टोक चावत होता.

"हाव," ती म्हणाली. "पन तवालोक पोट भरून खाऊ दे त्याले."

कौसरभाभींनी कुटाराची टोपली आणली. चांगुणामायनं ती त्याच्यापुढं सरकवली, आणि तो खात होता तितका वेळ ती तिथंच उभी राहिली.